घरच्या वर्कशॉपमध्ये चेंबर्ड गिटार बॉडी: वखारीतल्या फळीपासून पहिल्या तारेपर्यंत

चेंबर्ड बॉडी म्हणजे आतून ठरावीक जागी कोरून हलकी केलेली आणि वरून पातळ टॉप चिकटवून बंद केलेली बॉडी. बाहेरून ती भरीवच वाटते. ग्रेचची ड्युओ जेट १९५३ पासून अशीच आहे. फेंडरने १९६८ मध्ये टेलिकास्टर थिनलाइन काढली ती रॉजर रॉसमाइसल यांच्या डिझाइनवर, कारण हलकं ॲश लाकूड मिळेनासं झालं होतं आणि भरीव बॉडी खांद्याला जड होऊ लागली होती.

आधी अपेक्षा नीट ठेवा. पोकळ्यांमुळे ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) न जोडता वाजवताना आवाज मोठा येतो आणि बॉडीची थरथर पोटाला जाणवते. ॲम्पमधून येणाऱ्या आवाजात मात्र फरक थोडाच पडतो, तिथे पिकअपचं (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकी भागाचं) काम मोठं असतं. खरा फायदा वजनाचा. तेवढ्यासाठीसुद्धा ही मेहनत करण्यासारखी आहे.

हा लेख टेलिकास्टर आकारासाठी आहे. टॉप सपाट, नेकला (गिटारच्या मानेला) कोन नाही, कंट्रोल वरूनच बसतात, आणि नेक व ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) सहज विकत मिळतात. पहिल्या बॉडीला हाच आकार घ्या. एक गोष्ट सुरुवातीपासून ध्यानात असू द्या: टॉप एकदा चिकटला की आतली चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून काय कोरायचं यापेक्षा काय कोरायचं नाही, हे आधी कागदावर पक्कं झालं पाहिजे.

१. आधी हार्डवेअर, मग लाकूड

नव्या माणसाची सर्वांत महाग चूक म्हणजे इंटरनेटवरच्या मापांनी खाचा पाडणं आणि मग हातात आलेला ब्रिज त्यात न बसणं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या 'टेलि' ब्रिजमध्ये स्क्रूच्या भोकांच्या जागा वेगळ्या असतात. तारांमधलं अंतरही बदलतं: जुन्या पद्धतीत पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत ५४ मिमी, नव्या पद्धतीत ५२.५ मिमी. त्यामुळे पुढच्या वस्तू टेबलावर आल्याशिवाय पेन्सिलसुद्धा उचलू नका:

– २१ फ्रेटचा तयार नेक, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिमी (२५.५ इंच)
– ब्रिज, तारा मागून ओवायचा
– दोन पिकअप
– कंट्रोल प्लेट, २५० के (किलोओहम) चे दोन पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे), तीन-मार्गी स्विच, कपॅसिटर
– जॅक आणि त्याची वाटी
– नेक प्लेट आणि ४५ मिमीचे चार स्क्रू
– तारांचे सहा फेरूल (मागच्या बाजूला तारा अडवणाऱ्या धातूच्या टोप्या), दोन स्ट्रॅप बटन

प्रत्येक वस्तू व्हर्निअर कॅलिपरने मोजा आणि माप वहीत लिहा. नेकच्या टाचेची रुंदी साधारण ५६ मिमी आणि जाडी फिंगरबोर्डसकट साधारण २५ मिमी असते. 'साधारण' या शब्दावर मात्र खाच पाडायची नसते.

२. साधनं

राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं मशीन) हवाच. अर्धा इंची कॉलेटचा (बिट धरणाऱ्या चकचा) असेल तर उत्तम, पण सुतारांकडे असतो तो छोटा ट्रिमरही धीराने वापरला तर पुरतो. ट्रिमर घेताना एक सापळा सांभाळा. आपल्याकडे ६ मिमी आणि ६.३५ मिमी (पाव इंच) अशा दोन्ही शँकचे (दांड्याचे) बिट मिळतात. पाव इंची बिट ६ मिमीच्या कॉलेटमध्ये जातच नाही. उलट ६ मिमीचा बिट पाव इंची कॉलेटमध्ये जातो, आवळल्यासारखाही वाटतो आणि चालू कामात हळूहळू खाली सरकतो. ठरवलेली खोली ३२ असताना ३५ कोरली गेली, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. कॉलेट आणि बिट एकाच मापाचे ठेवा.

बाकी यादी:

– वर बेअरिंग असलेले दोन टेम्पलेट बिट (साच्याच्या कडेने फिरणारे): एक १० ते १२ मिमी कटिंग लांबीचा, एक २५ मिमीचा
– खाली बेअरिंग असलेला एक लांब ट्रिम बिट
– ३५ मिमी आणि २२ मिमी फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारे). कपाटाच्या ऑटो हिंजसाठी सुतार जो ३५ मिमीचा बिट वापरतात, तो पोकळ्यांना चालतो
– ड्रिल स्टँड किंवा ड्रिल प्रेस. हातातल्या ड्रिलने तारांची भोकं सरळ येत नाहीत
– जिगसॉ, रंधा, धार लावलेली पटाशी, गुण्या, एक मीटरची स्टील पट्टी
– किमान १४ क्लॅम्प
– टेम्पलेटसाठी १२ मिमी एमडीएफ, दाबायला १८ मिमी प्लायचे दोन तुकडे
– ८० ते ३२० नंबरपर्यंत पॉलिश पेपर
– गॉगल, कानाला मफ, बारीक धूळ अडवणारा मास्क

शेवटची ओळ यादी भरायला लिहिलेली नाही. एमडीएफची आणि लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, साध्या रुमालाने ती अडत नाही. बिट बदलताना मशीनची पिन बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

३. लाकूड निवडणं

टेलि आकाराच्या ४५ मिमी जाड भरीव बॉडीचं घनफळ साधारण ४.३ लिटर भरतं. म्हणजे लाकडाची घनता कळली की बॉडीचं वजन आधीच सांगता येतं. वखारीतून आणलेली फळी चौकोनी कापा, वजन करा, लांबी × रुंदी × जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ग्रॅमला त्याने भागा. उत्तर ०.५ आलं तर भरीव बॉडी २.१५ किलोची, ०.६५ आलं तर २.८ किलोची. या लेखातल्या पोकळ्यांमुळे पाऊण लिटर लाकूड जातं, नेक-पिकअप-कंट्रोलच्या खाचांत आणखी पाव लिटर. त्यामुळे ०.५ चं लाकूड शेवटी १.६५ किलोच्या आसपास येतं आणि ०.६५ चं २.१५ किलोच्या आसपास.

आपल्याकडे मिळणाऱ्या लाकडांत तून पहिल्या पसंतीचं. हलकं, तांबूस, पटाशीला नरम. मिरजेचे कारागीर सतारीच्या दांडीला आणि तबलीला हेच वापरतात. शिवण हलकी असते आणि एकदा वाळली की फारशी फिरत नाही. आंबा स्वस्त आणि दिसायला सुरेख, पण जडसर, आणि त्याला भुंगा लवकर लागतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला की ती फळी ठेवून द्या. सागवान टिकाऊ असलं तरी जड आणि तेलकट असतं. ते घेतलंच तर चिकटवण्याआधी सांध्याच्या जागा ताज्या रंधून थिनरने पुसून घ्याव्या लागतात.

वखारीत भाषा इंच-सुताची असते. १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीहून किंचित जास्त. मागच्या फळीला रंधून ३८ मिमी हवेत, म्हणजे किमान पावणेदोन इंची माल मागा. टॉपला रंधून ७ मिमी हवेत, त्यासाठी ३ सूत. दोन्ही तुकडे ४५० × ३५० मिमी. एवढी रुंद फळी क्वचित मिळते, तेव्हा दोन फळ्या मधोमध जोडा. सांधा आपोआप मध्यरेषेवर येतो आणि पुढे मोजायला उपयोगी पडतो.

ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हवा. पिनचा ओलावामापक विकत घ्या, 'सुकं आहे साहेब' यावर विसंबू नका. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात आणलेली फळी लगेच कोरायला घेतली, तर दिवाळीनंतर ती आकसते आणि टॉपचा सांधा उघडतो. फळ्या खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, महिना-दोन महिने रचून ठेवा. टॉप आणि मागची फळी शक्यतो एकाच जातीची असू द्या आणि दोन्हींच्या लाकडातल्या रेषा एकाच दिशेने, नेककडून शेपटीकडे, जाऊ द्या.

४. एकास एक मापाचं ड्रॉइंग

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. दोन संध्याकाळी गेल्या तरी घाई करू नका.

जाड कागदावर मध्यरेषा काढा आणि तिच्यावर बॉडीचा आकार ठेवा. आता नेकच्या नटच्या (डोक्याकडे तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) आतल्या कडेपासून टाचेच्या शेवटापर्यंतचं अंतर मोजा. २१ फ्रेटच्या नेकवर ते साधारण ४६० मिमी येतं. ६४८ मधून ते वजा करा. आलेला आकडा, समजा १८८, म्हणजे नेक पॉकेटच्या (बॉडीत नेक बसतो त्या खाचेच्या) आतल्या भिंतीपासून पहिल्या तारेच्या सॅडलपर्यंतचं (ब्रिजवर ती तार टेकते त्या तुकड्यापर्यंतचं) अंतर. पडताळा सोपा आहे: नटपासून १२ व्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी आणि तिथून सॅडलपर्यंत पुन्हा ३२४. दोन्ही जुळले नाहीत तर कुठेतरी मोजणी चुकली आहे.

आता लाल पेन्सिल घ्या आणि जिथे लाकूड राहिलंच पाहिजे त्या जागा रंगवा:

– मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ५० मिमी, म्हणजे नेकपासून शेपटीपर्यंत १०० मिमी रुंद सलग ठोकळा. नेकचे स्क्रू, ब्रिज आणि तारांचा ताण याच्यावरच येतो
– नेक पॉकेटभोवती किमान २० मिमी
– बाहेरची कड १८ मिमी
– जॅकच्या जागी कडेला ३० मिमी जाडी
– वरच्या खांद्यावर आणि शेपटीला स्ट्रॅप बटनाच्या स्क्रूसाठी ३५ मिमी
– कंट्रोलच्या खाचेभोवती १२ मिमी भिंत, प्लेटच्या दोन्ही टोकांच्या स्क्रूंच्या जागा धरून

न रंगलेलं जे उरलं, तिथेच पोकळी. जाड तारांच्या बाजूला एक लांब पोकळी मिळते, कमरेत अरुंद आणि खाली रुंद, साधारण १८० चौरस सेंमी. पातळ तारांच्या बाजूला कंट्रोलची खाच जागा खाते, म्हणून तिथे ६० च्या आसपास. खोली ३२ मिमी.

जास्त कोरायचा मोह आवरा. बॉडी दीड किलोच्या खाली गेली की नेक जड होतो आणि पट्टा अडकवल्यावर गिटारचं डोकं जमिनीकडे झुकतं. डाव्या हाताने नेक सावरत वाजवावं लागतं, त्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त असलेली बरी.

हाताखालचा किंवा पोटाकडचा उतार देणार असाल तर तेही आत्ताच ठरवा. भरीव बॉडीवर हे उतार शेवटी घासून काढतात. चेंबर्ड बॉडीवर तसं केलं तर रंधा सरळ पोकळीत उतरतो. पहिल्या बॉडीला उतार नकोच, टेलिचा मूळ आकार तसाही सपाट आहे.

एफ-होल (टॉपमधलं f आकाराचं भोक) हवं असेल तर ते जाड तारांच्या पोकळीवर येतं. त्याची कड पोकळीच्या भिंतीपासून किमान ८ मिमी आत ठेवा. मोठ्या आवाजात, भरपूर गेन लावून वाजवणाऱ्यांनी ते टाळलेलं बरं, कारण उघड्या पोकळीची बॉडी फीडबॅकला (ॲम्पच्या आवाजाने आपोआप किंचाळण्याला) लवकर लागते.

५. टेम्पलेट

ड्रॉइंग १२ मिमी एमडीएफवर चिकटवा आणि तीन टेम्पलेट करा: बाहेरचा आकार, नेक पॉकेटसह पिकअप, आणि कंट्रोलची खाच. प्रत्येकावर मध्यरेषा पुढून-मागून कोरून घ्या. पोकळ्यांना टेम्पलेट लागत नाही, त्या कोणाला दिसणार नाहीत.

एमडीएफच्या कडेला खड्डा असेल तर बेअरिंग तो जसाच्या तसा लाकडावर उतरवतं. कडेवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

६. पोकळ्या कोरणं

फळी चौकोनीच ठेवा, आकार अजून कापू नका. चौकोनी फळी क्लॅम्पमध्ये नीट धरता येते आणि राउटरला टेकायला कडेने जागा मिळते.

आधी ३५ मिमी बिटने ड्रिल प्रेसवर भोकांना भोकं लावत बहुतेक लाकूड काढा. खोलीचा स्टॉप २८ मिमीवर बांधा, ३२ वर नाही. बिटच्या मधली टोकदार सुई कापणाऱ्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे जाते. तळाला फक्त ६ मिमी लाकूड ठेवायचं आहे, म्हणून स्टॉप ३२ वर ठेवला तर सुई तळात खोल जाते. पुढे मागची बाजू घासताना तिथे काळा ठिपका उगवतो, तो लांबी भरूनही लपत नाही.

मग राउटरने तळ आणि भिंती साफ करा. एका फेरीत ५ ते ६ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका. मशीनचा आवाज जड झाला किंवा जळका वास आला तर बिट बोथट आहे किंवा तुम्ही फार खोल घेताय. पोकळीच्या आत राउटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा आणि बॉडीच्या बाहेरून उलट दिशेने. चुकीच्या दिशेला बिट लाकडावर चढतो आणि मशीन हातातून ओढून घेतो.

दुसरा सापळा कललेल्या राउटरचा. लाकूड निघत गेलं की बेसखाली टेकायला काही उरत नाही, मशीन पोकळीत झुकतं आणि भिंतीला तिरकी खाच पडते. ६ मिमी प्लायचा किंवा ॲक्रिलिकचा ३०० मिमी रुंद बेस करून राउटरला लावा. पोकळी रुंद असेल तिथे मध्ये लाकडाचं एखादं बेट ठेवा आणि ते सर्वांत शेवटी काढा.

याच वेळी पिकअपच्या वायरींचे चर पाडून घ्या: ८ मिमी रुंद, १० मिमी खोल. एक नेक पिकअपच्या जागेपासून ब्रिज पिकअपच्या जागेपर्यंत, एक तिथून कंट्रोलच्या जागेपर्यंत, आणि दोन्ही पोकळ्यांपासून जवळच्या खाचेपर्यंत एकेक. भरीव बॉडीत यासाठी लांब बिटने तिरकं भोक पाडण्याची कसरत करावी लागते, इथे ती वाचते. पोकळ्यांना जोडलेल्या चरांमुळे आतली हवाही कोंडून राहत नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गिटारला हे महत्त्वाचं.

एफ-होल असेल तर पोकळीचा आतला भाग आत्ताच काळ्या रंगाने रंगवा, फक्त चिकटण्याच्या जागेवर रंग जाऊ देऊ नका. एफ-होल टॉपमध्ये बारीक पात्याच्या करवतीने टॉप सुटा असतानाच कापा.

शेवटी भुसा झाडून फळी काट्यावर ठेवा आणि मोबाइलने एक फोटो काढा, शेजारी स्टील पट्टी ठेवून. पुढे कुठेही स्क्रू मारायची वेळ आली की आत लाकूड आहे की हवा, हे तो फोटोच सांगतो.

७. टॉप चिकटवणं

दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का ते स्टील पट्टी उभी धरून, मागे उजेड ठेवून बघा. उजेडाची फट दिसली तर पुन्हा रंधा. क्लॅम्पच्या जोरावर फट मिटवू नका. ती आज मिटते आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडते.

ओल्या गोंदावर टॉप साबणासारखा घसरतो. त्यावर उपाय म्हणजे बॉडीच्या आकाराबाहेर, नंतर कापून जाणाऱ्या भागात, समोरासमोरच्या कोपऱ्यांत ६ मिमीच्या दोन लाकडी खुंट्या. आधी कोरडी जोडणी करा: खुंट्या, टॉप, वर-खाली १८ मिमी प्लाय आणि सगळे क्लॅम्प. कुठला क्लॅम्प कुठे हे ठरलं की सुटं करा आणि क्लॅम्प त्याच क्रमाने मांडून ठेवा.

पांढरा फेविकॉल किंवा पिवळा लाकूडगोंद, दोन्ही चालतात. साधारण २५ ग्रॅम पुरतो. तो फक्त मागच्या फळीवर, जुन्या एटीएम कार्डाने एकसारखा पसरवा. पोकळीच्या कडेपासून ३ मिमी आणि चरांपासून ५ मिमी जागा कोरडी सोडा, दाबल्यावर गोंद तिथपर्यंत पोचतोच. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये गोंदावर पाच मिनिटांत साय धरते, म्हणून त्या दिवसांत हे काम सकाळी लवकर करा. मधल्या ठोकळ्यापासून सुरुवात करून कडेकडे क्लॅम्प आवळा. सगळीकडून मोत्यांसारखे बारीक थेंब बाहेर आले की दाब बरोबर आहे. थेंब नसतील तिथे आणखी एक क्लॅम्प लावा.

२४ तास हात लावू नका. त्यानंतरही आठवडाभर शेवटची घासाई नको. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच घासून सपाट केलं तर पाणी सुकल्यावर सांध्याच्या जागी चर दिसू लागतो आणि पॉलिशखाली तो जास्तच उठतो.

८. बाहेरचा आकार

मध्यरेषा टॉपवर पुन्हा काढा. ती मागच्या फळीच्या रेषेवरून गुण्याने वर आणा, अंदाजाने नको. जिगसॉने आकाराच्या २ ते ३ मिमी बाहेरून कापा. ४५ मिमी जाडीत जिगसॉचं पातं खाली तिरकं जातं, म्हणून त्याहून कमी सोडू नका. मग टेम्पलेट दुहेरी टेपने चिकटवून वरून अर्धी जाडी ट्रिम करा आणि पलटून खालच्या बेअरिंगच्या बिटने उरलेली.

शिंगाच्या टोकाला आणि कमरेच्या वळणाला लाकडाच्या रेषा आडव्या येतात, तिथे ढलपी उडते. अशा जागी आधी पॉलिश पेपर गुंडाळलेल्या गोल दांड्याने घासून आकाराच्या कडेच्या अर्धा मिमी जवळ या, म्हणजे राउटरला काढायला फारसं उरत नाही.

९. नेक पॉकेट

खोली १६ मिमी. फिंगरबोर्डचा पृष्ठभाग टॉपच्या ९ ते ९.५ मिमी वर राहतो आणि टेलि ब्रिजला तेवढीच उंची लागते. तुमच्या ब्रिजला ती जुळते का, हे कोरण्याआधी बघा. नेकच्या फ्रेटवर स्टील पट्टी लांबीच्या दिशेने ब्रिजपर्यंत ठेवली, तर सॅडलच्या जागी तार तिच्यापेक्षा ३ ते ४ मिमी उंच हवी. सॅडलचे स्क्रू मधल्या उंचीवर असताना हा हिशेब बसला पाहिजे. नसेल बसत तर पॉकेटची खोली अर्धा-एक मिमी बदला.

१२ मिमी टेम्पलेटवर २५ मिमी कटिंगचा बिट लावला, तर बेअरिंग टेम्पलेटला टेकेपर्यंत बिट लाकडात १३ मिमी उतरलेला असतो. भरीव लाकडात एका झटक्यात एवढं घेणं धोक्याचं. म्हणून पहिल्या फेऱ्या छोट्या बिटने, मग मोठ्याने.

नेक हाताने दाबून बसला पाहिजे आणि बाजूने कागदाची घडीही जाऊ नये. पण रंग लावणार असाल तर प्रत्येक बाजूला पाव मिमी मोकळीक हवी. नाहीतर रंगाचा थर चढल्यावर नेक ठोकून बसवावा लागतो आणि पॉकेटच्या कोपऱ्यातून रंगाला तडा जातो.

१०. नेकची रेषा, ब्रिज आणि तारांची भोकं

नेक पॉकेटमध्ये क्लॅम्प करा. ब्रिज टेपने तात्पुरता बसवा, पहिल्या तारेचा सॅडल ६४८ च्या रेषेवर आणि त्याला पुढे सरकायला अजून २-३ मिमी जागा. सहाव्या तारेला लांबी जास्त लागते, ती मागे सरकवून मिळते.

आता नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून बारीक दोरा सॅडलपर्यंत ताणा. शेवटच्या फ्रेटवर दोऱ्यापासून फ्रेटच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला २.५ मिमी असेल तर ब्रिज बाजूला सरकवा. जागा पक्की झाल्यावरच ब्रिजच्या भोकांतून खुणा करा. ब्रिज आधी स्क्रूने बसवून मग दोरा लावणाऱ्यांची एक तार कायम फिंगरबोर्डच्या काठावरून घसरते.

बॉडीत नेक स्क्रूची भोकं ५ मिमी, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जाईल. नेकमध्ये ३ मिमी, खोली १६ मिमी, ड्रिलला टेप गुंडाळून. हिशेब असा: पॉकेटखाली लाकूड २९ मिमी, प्लेट २ मिमी, ४५ च्या स्क्रूचे उरले १४ मिमी, तेवढेच नेकमध्ये जातात. बॉडीचं भोकही घट्ट ठेवलं तर स्क्रू दोन्ही लाकडांत आटे धरतो, मध्ये केसाएवढी फट राहते आणि नेक कधीच घट्ट बसत नाही.

तारांची भोकं ३ मिमी. पुढून सरळ आरपार पाडली तर ४५ मिमी जाडीत बिट रेषेबरोबर वाहवत जातो आणि मागे सहा फेरूल दारू प्यायल्यासारखे वाकडे दिसतात. त्यापेक्षा असं करा. पुढून ब्रिजच्या खुणांवर फक्त २५ मिमी खोल भोकं पाडा. ड्रिल प्रेसच्या टेबलावर एक फळी घट्ट बांधून तिला ३ मिमी भोक पाडा, तिथेच ३ मिमीची खिळ्याची दांडी बसवा, १० मिमी वर राहील अशी. फळी आता हलवायची नाही. बॉडी उलटी करून पुढचं भोक त्या दांडीवर बसवा आणि मागून ड्रिल खाली आणा. बिटचं टोक बरोबर दांडीच्या माथ्यावर असल्यामुळे भोकं मध्ये भेटतात. दांडीला बिट लागू नये म्हणून खोलीचा स्टॉप बांधा. फेरूलचं मोठं भोक, बहुधा ८ मिमी, त्याच बैठकीत पाडा. फेरूल आधी मोजा, ९.५ मिमीचेही येतात.

११. पिकअप, कंट्रोल, जॅक

पिकअपच्या खाचा १९ मिमी खोल, कंट्रोलची ३८ मिमी. कंट्रोलच्या खाचेतही आधी फोर्स्टनरने भोकं पाडा, इथेही तळाला ७ मिमीच उरतात. प्रत्येक खाचेत आधी पाडलेल्या चराचं तोंड दिसायला हवं. दिसलं नाही तर बहुतेक गोंदाने बुजलंय, ६ मिमी बिट हाताने फिरवून मोकळं करा.

जॅकसाठी कडेतून २२ मिमी भोक. बॉडीची कड तिथे वळलेली असते, म्हणून फोर्स्टनर सरकतो. त्याच वळणाचा उरलेला जिगसॉचा तुकडा कडेला क्लॅम्प करा आणि त्यातूनच भोक पाडा.

ब्रिजखालून ब्रिज पिकअपच्या खाचेत ३ मिमीचं एक भोक तिरकं पाडून ग्राउंडची तार ओढा. हे विसरलं की गिटार गुणगुणते आणि तारांना हात लावल्यावरही गप्प होत नाही.

१२. कडा आणि फिनिश

कडांना ३ मिमी गोलाई पुरे. मग १२०, १८०, २४० ने रेषेच्या दिशेने घासा. ओल्या फडक्याने पुसून तंतू उभे राहू द्या, सुकल्यावर ३२० ने हलकेच घासा.

घरी सर्वांत सोपं म्हणजे चपडी लाखेचं पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळतं, लवकर सुकतं, ओरखडा पडला तर तेवढाच भाग पुन्हा करता येतो. तूनची छिद्रं उघडी असतात. गुळगुळीत चकाकी हवी असेल तर आधी फिलर आणि सँडिंग सीलर. दोन भागांच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेन रंगामध्ये) आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं. ते बंद खोलीत आणि साध्या मास्कवर फवारू नका. पावसाळ्यात लाख किंवा लॅकर लावलं तर हवेतला ओलावा आत अडकून पांढरट धुरकटपणा येतो. दोन कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबा.

१३. जोडणी

कंट्रोल आणि पिकअपच्या खाचांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. टोनला ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पहिल्याने टोन जास्त मंद होतो. सगळे स्क्रू आधी मेणबत्तीवर घासा आणि प्रत्येकाला पायलट भोक पाडा. पॉकेटच्या तळाशी रंगाचा थेंब साचला असेल तर पटाशीने खरवडा.

आधी फक्त पहिली आणि सहावी तार चढवा. दोन्ही फिंगरबोर्डच्या काठापासून सारख्या अंतरावर असतील तर उरलेल्या चार ओवा. नसतील तर नेकचे चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करा, तारांचा ताण तसाच ठेवून नेक हाताने हव्या बाजूला ढकला आणि धरून ठेवूनच पुन्हा आवळा. लाकडावर नवा ताण आलेला असतो, म्हणून ट्रस रॉड (नेकमधली बाक सरळ करणारी सळई) आणि तारांची उंची दुसऱ्या दिवशी लावा, आणि इंटोनेशन (सॅडल मागे-पुढे करून वरच्या फ्रेटवरचे सूर जुळवणं) त्यानंतर.